मानेतली गाठ, मनातली गाठ

परीक्षांचे निकाल लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एरवी अभ्यास, झोप आणि घरच्यांच्या अपेक्षा हेच विषय असतात. यंदा मात्र बरीचशी पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरत आहेत : मोबाइलवर लक्षण शोधले, आणि तेव्हापासून चैन नाही. त्यांतील चार पत्रे, लिहिणाऱ्यांची ओळख पटणार नाही एवढा बदल करून, येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी वीस वर्षांचा असून अभियांत्रिकीचे तिसरे वर्ष नुकतेच संपले आहे. डोंबिवलीला राहतो आणि माटुंग्याच्या महाविद्यालयात जातो. जानेवारीत दाढी करताना जबड्याखाली डाव्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली. त्या रात्री मी काय काय शोधले ते मोबाइलमध्ये अजून दिसते : ११.४० ला ‘मानेत छोटी गाठ’, ११.५५ ला ‘न दुखणारी गाठ म्हणजे काय’, १२.२० ला ‘लिम्फोमा (म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग) वय २०’ आणि पावणेदोनला ‘लिम्फोमा किती वर्षे जगतात’. घरच्या डॉक्टरांनी गाठ तपासून काळजीचे कारण नाही असे सांगितले. दोन दिवस बरे वाटले, मग त्यांनी नीट दाबून पाहिलेच नसावे असे वाटू लागले. पुढे कान-नाक-घसा तज्ज्ञांनी सोनोग्राफी करवली. अहवालात ‘रिॲक्टिव्ह नोड्स’ असे लिहिले होते. परतीच्या लोकलने ठाणे गाठेपर्यंत तो शब्दही शोधून झाला होता. तिसऱ्या डॉक्टरांनीही पहिल्या दोघांचेच म्हणणे सांगितले. आता गाठ थोडी मागे पडली आहे, पण दोन महिन्यांपासून उजव्या डोळ्याची पापणी आणि कधी पोटरी फडफडते. हे एएलएस नावाच्या मज्जातंतूंच्या आजाराचे लक्षण असते असे वाचल्यापासून मी रोज रात्री एका एआय चॅटबॉटला तेच तेच विचारतो. सहाव्या सत्रात दोन विषयांत नापास होऊन केटी लागली आहे. मला काहीही झालेले नाही, हे शंभर टक्के कसे कळेल?

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्याचे उत्तर आधी देतो. शंभर टक्के कळणार नाही. हे सदर लिहिणाऱ्यालाही आज रात्री आपल्या शरीरात काय चालले आहे ते शंभर टक्के माहीत नसते; फरक एवढाच, की ते माहीत नसतानाही त्याला झोप लागते. तुम्ही ज्याला माहिती शोधणे म्हणता ते आता माहिती शोधणे उरलेलेच नाही, कारण माहिती तुम्हाला तीन डॉक्टर आणि एक सोनोग्राफी यांच्याकडून केव्हाच मिळाली आहे. तुम्ही हमी शोधत आहात, आणि हमी नावाचा माल त्या दुकानात कधी येतच नाही.

तरीही वैद्यकीय बाजू एकदा नीट सांगायला हवी, कारण ती टाळून ‘हे सगळे मनाचे खेळ आहेत’ एवढेच म्हटले तर तो तुमचा अपमान होईल. मान, काख आणि जांघ या ठिकाणी लसिकाग्रंथी असतात. घसा बसला, दाढ किडली, वस्तऱ्याने कातडी सोलली की त्या भागातली ग्रंथी जंतूंशी लढताना फुगते, आणि लढाई संपल्यावरही काही जणांच्या बाबतीत महिनोन्‌महिने हाताला लागत राहते. ‘रिॲक्टिव्ह’ या शब्दाचा अर्थ इतकाच, की ग्रंथीने आपले काम केले आहे. सडपातळ, निरोगी तरुणांच्या मानेत एक सेंटिमीटरपेक्षा लहान, मऊ, बोटाखाली सरकणारी गाठ लागणे अगदी नेहमीचे आहे. गाठ वाढत गेली, दगडासारखी टणक किंवा एका जागी रुतलेली वाटली, गळपट्टीच्या हाडाच्या वर आली, किंवा तिच्या जोडीला लांबलेला ताप, रात्री अंथरूण भिजवणारा घाम आणि कारण नसताना घटणारे वजन असले, तर मात्र डॉक्टरांकडे जायलाच हवे. आपल्याकडे अशा वेळी कर्करोगाच्या आधी क्षयाचा विचार होतो. मानेतल्या क्षयाच्या गाठीला जुन्या मराठीत गंडमाळ म्हणत, सुईच्या तपासणीने तिचे निदान होते आणि ती औषधांनी बरी होते. तुमच्या पत्रात यांतले काहीच नाही.

दुसरे असे, की जी ग्रंथी दिवसातून तीस वेळा दोन बोटांत धरून दाबली जाते, ती हुळहुळी होणार आणि बोटाला मोठीच लागणार. माझ्याकडे आलेल्या एका मुलाची डाव्या हाताची दोन बोटे बोलताना सतत जबड्याखाली असत. तिथली कातडी घासून काळपट झाली होती. उजव्या बाजूलाही नेमकी तशीच ग्रंथी होती, पण तिचा त्याला पत्ताच नव्हता, कारण उजव्या हातात मोबाइल असे.

आता पापणी. पूर्वी डोळा लवला की शुभ की अशुभ ते आजी सांगत असे आणि विषय तेथेच संपत असे. तुमच्या पिढीला त्याच लवणाऱ्या डोळ्यासाठी थेट असाध्य आजाराचे पान उघडून मिळते. पापणी किंवा पोटरी फडफडण्याची नेहमीची कारणे म्हणजे जागरण, चहा-कॉफीचा अतिरेक, थकवा आणि ताण, आणि तुमच्या पत्रात त्यांतील निदान दोन तरी ठळक दिसतात. एएलएस हा आजार पाश्चात्त्य देशांतील नोंदींनुसार वर्षाला लाखात साधारण दोघांना होतो आणि तोही बहुधा पन्नाशी-साठीनंतर. त्यात स्नायूंतले बळ जाते आणि ते रोडावतात : शर्टाचे बटण लावता येत नाही, चालताना पाऊल अडखळते. बळ शाबूत असताना नुसती फडफड होणे हे त्या आजाराचे चित्र नव्हे. तुम्ही डोंबिवली ते माटुंगा लोकलची ये-जा करता, हे तुमच्याच पत्रावरून उघड आहे.

तुम्ही अभियंता होणार आहात, म्हणून थोडे गणित करू. समजा, तुमच्या वयाच्या एक लाख मुलांपैकी पाच जणांना लिम्फोमा आहे आणि पाचही जणांच्या मानेत गाठ आहे. उरलेल्यांपैकी शंभरातल्या वीस जणांच्या मानेतही साधी ग्रंथी हाताला लागते असे धरा, म्हणजे सुमारे वीस हजार झाले. रात्री पावणेबाराला ‘मानेत गाठ’ असे टाइप करू शकणारे हे एकूण वीस हजार पाच जण, आणि त्यांत खरे आजारी पाच, म्हणजे चार हजारांत एक. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, पण घोटाळा नेमका कुठे होतो ते त्यांतून दिसते. ‘लिम्फोमा असलेल्या बहुतेकांना गाठ असते’ हे खरे वाक्य वाचून आपण ‘गाठ असलेल्या बहुतेकांना लिम्फोमा असतो’ असे उलटे करून घेतो. डोंबिवलीचे बहुतेक नोकरदार लोकलने जातात, म्हणून लोकलमधला प्रत्येक माणूस डोंबिवलीचा ठरत नाही, हे तुम्हाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

शोधयंत्राला हे प्रमाण ठाऊक नसते. मायक्रोसॉफ्टचे संशोधक रायन व्हाइट आणि एरिक हॉर्व्हिट्झ यांनी २००८ साली या विषयावर जो अभ्यास मांडला, त्यात डोकेदुखीचा शोध घेतल्यावर मेंदूतल्या गाठीचा उल्लेख असलेली पाने आणि कॉफी सुटल्याने होणाऱ्या डोकेदुखीची पाने जवळजवळ सारख्याच संख्येने समोर येत असल्याचे दिसले होते. प्रत्यक्षात दुसरे कारण नित्याचे आहे आणि पहिले अत्यंत विरळ. साध्या लक्षणापासून निघालेला माणूस क्लिक करत करत गंभीर आजारापर्यंत पोहोचतो, या प्रकाराला सायबरकाँड्रिया हे नाव त्याआधीपासूनच पडले होते. आपल्याकडे ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ असे म्हणतात. आता मनाला मदतनीस मिळाला आहे.

चॅटबॉटच्या बाबतीत माझे मत थोडे कडक आहे. त्याची उत्तरे चुकीचीच असतात असे नाही, बऱ्याचदा ती समंजस असतात. अडचण अशी, की तो थकत नाही. तोच प्रश्न शब्द बदलून अकराव्यांदा विचारला तरी तो तितक्याच सौजन्याने उत्तर देतो आणि शेवटी आणखी काही लक्षणे आहेत का, असे विचारून बाराव्या प्रश्नाची सोय करून ठेवतो. तुमच्या घरच्या डॉक्टरांच्या चेहऱ्यावर तिसऱ्या खेपेला जो किंचित कंटाळा दिसला असेल, तोही उपचाराचाच भाग होता असे मी म्हणेन.

हे चक्र चालते कसे ते एकदा पाहा. भीती वाटली की शरीरात ॲड्रिनलिन वाढते, छाती धडधडते, श्वास भराभर होतो. श्वास भराभर झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते. म्हणजे शोधायला नवी लक्षणे तयार झाली. मग एखादे दिलासा देणारे वाक्य सापडते, जीव भांड्यात पडतो, आणि मेंदू लक्षात ठेवतो की शोधल्यामुळे बरे वाटले. पुढच्या भीतीला तो पुन्हा तोच रस्ता दाखवतो. दिलासा जितका गोड, तितकी त्याची सवय घट्ट.

म्हणून तुम्हाला करायचे आहे ते असे. तिघांपैकी एक डॉक्टर कायमचे निवडा, पापणीची आणि पोटरीची तपासणी त्यांच्याकडून एकदा करून घ्या, आणि पुन्हा केव्हा दाखवायचे ते त्यांनाच ठरवू द्या. शोधायची ऊर्मी आली की एका वहीत वेळ आणि प्रश्न लिहा, पण शोधू नका. ती वही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजताच उघडायची. रात्री एक वाजता जीवन-मरणाचे वाटलेले बरेचसे प्रश्न संध्याकाळी सहाला वाचताना थोडे ओशाळल्यासारखे होते, असा माझ्या रुग्णांचा अनुभव आहे. सुरुवातीला एक रात्र थांबणे जमले नाही, तर पंधरा मिनिटे थांबा, मग अर्धा तास. गाठ महिन्याच्या पहिल्या रविवारी एकदाच तपासायची. दाढी करताना बोटे तेथे रेंगाळू द्यायची नाहीत. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. पहिला आठवडा वाईट जाईल, अस्वस्थता वाढेल, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर त्या अस्वस्थतेचाच शोध सुरू होईल.

आजाराची ही धास्ती सहा महिने किंवा त्याहून अधिक टिकली, तर २०१३ मधल्या डीएसएम-५ या वर्गीकरणात तिला स्वतंत्र विकार मानले आहे. तुमचे सहा महिने झालेच आहेत. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी सीबीटी ही उपचारपद्धती यावर चांगली लागू पडते आणि गरज पडल्यास औषधेही असतात. माटुंग्याहून शीव एकाच स्टेशनावर आहे. तेथील महापालिकेच्या रुग्णालयात, तसेच परळच्या केईएममध्ये आणि मुंबई सेंट्रलच्या नायरमध्ये मनोविकार विभाग आहे. केसपेपर काढून बाह्यरुग्ण विभागात सरळ जाता येते. तेवढेही धाडस होत नसेल, तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे आणि मराठीतून बोलता येते. केटीचे विषय नोव्हेंबरात निघतील. त्याआधी झोप परत यायला हवी.

प्रश्न : आम्ही गिरगावात राहतो. माझी मुलगी अठरा वर्षांची असून चर्चगेटच्या एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आहे. तिच्या मामाने वाढदिवसाला दिलेल्या स्मार्ट घड्याळात ती सारखे ठोके बघत असते. दर तासाला ‘आई, हात लावून बघ, अंग गरम आहे का?’ असे विचारते. एका प्रयोगशाळेचे सत्तर तपासण्यांचे पॅकेज करून घेतले. त्यात पाच आकडे ठळक अक्षरांत आले आणि तेव्हापासून ती जेवतही नाही. यजमान म्हणतात, हे नखरे आहेत, मोबाइल काढून घे. मला काय करावे ते कळत नाही.

उत्तर : नखरे नाहीत. नखरे करणाऱ्याला प्रेक्षक लागतात; तुमची मुलगी बहुधा न्हाणीघराची कडी लावूनही नाडी मोजत असेल.

प्रथम त्या पाच आकड्यांविषयी, कारण त्यांचा धाक अकारण आहे. प्रयोगशाळेच्या कागदावर जी ‘सामान्य मर्यादा’ छापलेली असते ती सहसा अशी ठरवतात, की शंभर निरोगी माणसांपैकी पंचाण्णव जणांचे आकडे तिच्या आत बसावेत. म्हणजे पूर्ण निरोगी असलेले पाच जण प्रत्येक तपासणीत मर्यादेबाहेर पडणार हे त्या व्याख्येतच आहे. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर निरोगी माणसाचा निदान एक तरी आकडा बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के निघते. सत्तर तपासण्यांत एकही आकडा ठळक आला नसता, तर मला अधिक नवल वाटले असते. तक्रार नसताना अशी घाऊक पॅकेजे करून घेणे तरुण वयात सहसा गरजेचे नसते, आणि आजाराच्या धास्तीने ग्रासलेल्या मुलीच्या हातात तर तो अहवाल म्हणजे सत्तर नवे प्रश्न असतात.

त्या पाचांत बी-१२ कमी आहे असे तुम्ही पत्राच्या समासात लिहिले आहे. घरी शाकाहार असल्यास ही कमतरता आपल्याकडे नेहमी आढळते, ती खरी असते आणि तिने थकवा किंवा मुंग्याही येऊ शकतात. तेव्हा हा एक आकडा मात्र घेऊन डॉक्टरांकडे जा, ते सांगतील तेवढे दिवस औषध द्या आणि अहवाल कपाटात ठेवून द्या.

घड्याळाचे म्हणाल तर, प्रौढ माणसाचे विश्रांतीतले ठोके मिनिटाला ६० ते १०० यांच्या दरम्यान असतात, पण चर्नी रोडचा जिना चढून आल्यावर, चहानंतर किंवा तोंडी परीक्षेच्या बाहेर रांगेत उभे असताना ते ११०-१२० होणे हे हृदय चांगले चालल्याचेच लक्षण आहे. शिवाय तरुण वयात श्वास आत घेताना ठोके किंचित जलद आणि सोडताना संथ होतात. हे पूर्वी फक्त डॉक्टरांच्या कानाला कळत असे. आता मनगटावर आकडा नाचतो आणि मुले घाबरतात. पट्टा सैल असला किंवा हात हलला, तरीही आकडा चुकतो. विश्रांतीत असताना चक्कर येऊन पडणे, किंवा धावताना शुद्ध हरपणे, अशी तक्रार असेल तर ती घड्याळाची बाब राहत नाही; मग हृदयाचा आलेख काढलाच पाहिजे.

आता तुमचा भाग, आणि तो अवघड आहे. तुम्ही दर तासाला कपाळाला हात लावता ते मायेपोटीच, पण त्या हाताने धास्तीला खाऊ मिळतो. हिलरी वॉरविक आणि पॉल साल्कोव्हस्कीस यांनी १९८६ साली हीच गोष्ट दाखवून दिली होती : वारंवार दिलेला दिलासा घटकाभर शांत करतो आणि पुढच्या दिलाशाची भूक वाढवतो. म्हणून एखाद्या शांत दुपारी, ती घाबरलेली नसताना, तिच्याशी आधी बोलून ठरवा. यापुढे ती अंग गरम आहे का विचारेल, तेव्हा तुम्ही हात लावणार नाही आणि रागावणारही नाही. ‘तुला भीती वाटतेय हे मला दिसतंय, पण याचं उत्तर मी सकाळीच दिलंय, आता पुन्हा नाही देणार, चल, मेथी निवडायला बस माझ्याबरोबर,’ असे काहीसे म्हणायचे. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती रडेल, कदाचित तुम्हाला कठोर म्हणेल. यजमानांनी त्या वेळी ‘मी म्हणत होतोच’ हे वाक्य गिळावे, ही माझी खास विनंती आहे. खरोखर ताप वाटला तर दिवसातून एकदा थर्मामीटर लावावा. तो हातापेक्षा अचूक असतो आणि माया करत नाही.

मोबाइल काढून घेऊ नका. तो शेजारच्या मैत्रिणीकडे मिळेल आणि वर चोरी शिकवल्यासारखे होईल. घड्याळ मात्र तिच्या संमतीने महिनाभर मामाकडेच परत ठेवायला द्यावे. जेवण तुटले आहे, हे मला पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य वाटते. दोन आठवड्यांत ते सुधारले नाही, वजन उतरू लागले किंवा ती महाविद्यालयात जाईनाशी झाली, तर मनोविकारतज्ज्ञांकडे न्या आणि त्या भेटीला यजमानांनाही सोबत घ्या.

प्रश्न : मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही जो आजार शिकतो तो मला होतो. वसतिगृहात हसतील म्हणून कुणाला सांगत नाही. हे पुढे कमी होते का?

उत्तर : हसतील खरे, पण ज्यांना स्वतःला हे झाले आहे तेच सर्वांत मोठ्याने हसतील. दुसऱ्या वर्षी विकृतिशास्त्राच्या संग्रहालयात बरणीतली एक फुगलेली प्लीहा पाहून आल्यावर मी सलग चार रात्री डाव्या बरगडीखाली बोटे खुपसून झोपलो होतो, आणि पाचव्या दिवशी आमच्या एका ज्येष्ठ निवासी डॉक्टरांनी माझे पोट तपासून, ‘प्लीहा नाही, कॅन्टीनचा वडापाव आहे,’ असे निदान केले होते.

या प्रकाराला ‘मेडिकल स्टुडंट्स डिसीज’ असे नावच आहे आणि त्यावर निदान १९६० च्या दशकापासून तरी लिहिले गेले आहे. मात्र २००४ साली लंडनमध्ये झालेल्या एका अभ्यासात वैद्यकीय विद्यार्थी इतर विद्यार्थ्यांपेक्षा आरोग्याविषयी अधिक चिंताग्रस्त असल्याचे आढळले नाही. मला वाटते, धास्ती सगळ्यांनाच असते, आपल्याकडे फक्त तिला लॅटिन नावे मिळतात. पुढे वॉर्डात खरे रुग्ण रोज दिसू लागले की पुस्तकातली लक्षणांची यादी आणि प्रत्यक्षातला आजारी माणूस यांतले अंतर डोळ्यांनी कळते आणि बहुतेकांचे हे आपोआप ओसरते. तोवर स्वतःला तपासू नका आणि मित्राकडून तपासून घेऊ नका. स्वतःचे रक्त प्रयोगशाळेतल्या ओळखीने गुपचूप तपासून घेणे तर अजिबात नको. तक्रार असेल तर आपल्याच रुग्णालयात इतरांसारखा केसपेपर काढा आणि बाकावर बसा.

प्रश्न : मी अंधेरीत पेइंग गेस्ट म्हणून राहून शिकतो. मागच्या आठवड्यात पाणी तुंबले तेव्हा गुडघाभर पाण्यातून घरी आलो. पायाला चप्पल लागून जखम झाली होती. दोन दिवसांपासून ताप आहे आणि पोटऱ्या फार दुखतात. शोधले तर लेप्टोस्पायरोसिस दिसते. मला असे शोधत बसायची खोड आहे हे मित्रांना माहीत आहे, त्यामुळे ते म्हणतात, दुर्लक्ष कर. करू का?

उत्तर : करू नका. मासिकातून उत्तर छापून येईपर्यंत थांबणे धोक्याचे असल्याने तुम्हाला त्याच दिवशी वेगळे कळवले होते; येथे ते इतरांसाठी छापत आहे.

वरच्या तिन्ही पत्रांत धास्ती आहे आणि आजार नाही; तुमच्या पत्रात धास्तीची खोड आहे, पण जखम, तुंबलेले पाणी, त्यानंतर आठवडाभरात आलेला ताप आणि पोटऱ्यांची दुखणी ही साखळीही खरी आहे. उंदीर, घुशी आणि गुरे यांच्या मूत्रातून पाण्यात आलेले लेप्टोचे जंतू जखमेतून शरीरात शिरतात. वेळेवर प्रतिजैविके मिळाली तर आजार आटोक्यात राहतो. उशीर झाला तर मूत्रपिंड, यकृत आणि फुप्फुसे यांच्यावर बेतू शकते. म्हणूनच अशा पाण्यातून चालून आलेल्यांनी ताप नसतानाही ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक औषध घ्यावे की नाही हे विचारावे, असे मुंबई महापालिका पावसाळ्यात सांगत असते. याच दिवसांत हिवताप आणि डेंगीही असतात, तेव्हा रक्ताची तपासणी तिन्हींसाठी होईल. तोपर्यंत तापासाठी पॅरासिटामॉलच घ्यावे. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, कारण डेंगी असल्यास त्यांनी रक्तस्राव होऊ शकतो. डोळे लाल किंवा पिवळे दिसले, लघवी कमी झाली, धाप लागली तर सरळ मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे.

डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, की तुंबलेल्या पाण्यातून चाललो होतो आणि पायाला जखम होती. मोबाइलवर काय वाचले ते त्यांनी विचारले तरच सांगा. रक्ताचा अहवाल संध्याकाळी मोबाइलवर येईल. तो न उघडता तसाच त्यांच्या हातात द्या.